काल तुम्ही काय केलंत, बाई?

स्पेनमधल्या त्या छोट्या गावातली शाळा मुलांअभावी बंद पडून कैक वर्षं झाली होती, तरी एर्मिनियाला अजून सगळे बाईच म्हणत. सगळे म्हणजे हिवाळ्यात मागे उरणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं.

त्या वर्षी म्हाताऱ्या लेआंद्रोची देखभाल करायला जॉर्जियाहून लामारा आली. चाळिशीची, धिप्पाड, कामाला वाघ. पण तिच्या स्पॅनिशला भूतकाळच नव्हता. “आजोबा पडतात!” ती ओरडे आणि अर्धं गाव धावत जाई. म्हातारा परवाच पडलेला असे आणि आता खुर्चीत बसून सूप पीत असे.

शेवटी एर्मिनियानंच तिला बोलावून घेतलं. दुपारी म्हातारा झोपला की लामारा यायची. दोघी स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसत. आधी सरळमार्गी क्रियापदं, नियम पाळणारी. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलते. जोर शेवटच्या अक्षरावर टाकला, ‘आब्लोऽ’, की तोच शब्द ‘ती बोलली’ असा होतो.

“एवढ्यानं?” लामारानं विचारलं.

“एवढ्यानंच. वेळही बदलते आणि माणूसही.”

रोज सुरुवातीला एकच सराव. काल काय केलंस? लामारा अडखळत सांगे: बटाटे सोलले, चादरी धुतल्या, आजोबांना ओरडले. मग ती उलट विचारी, “आणि काल तुम्ही काय केलंत, बाई?”

एर्मिनियानं शेगडी पेटवली होती, सूप ढवळलं होतं, खिडकीतून बाहेर पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिची तिलाच लाज वाटली.

“काल ना, मी सोरिया शहरात बहिणीकडे, मिलाग्रोसकडे जेवले. तिनं कोकरू भाजलं. मी गायलेसुद्धा!”

लामाराचा चेहरा इतका खुलला की पुढं रोज एक नवी थाप निघू लागली. बहिणीनं शाल विणून दिली, भाचीनं केक आणला. क्रियापद मात्र एकही चुकलं नाही.

बुधवारी चौकात पावाची गाडी आली. लामारा शेजारच्या ओब्दुलियाला कौतुकानं सांगत होती, “बाई सोमवारी बहिणीकडे जेवल्या. खूप गायल्या.”

“सोमवारी? अगं बये, आपल्याकडे बस येते ती शुक्रवारी!” ओब्दुलिया खिदळली. “आणि कुठली बहीण? आईला वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हापासून दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत.”

एर्मिनिया मागंच उभी होती, हातात पिशवी घेऊन. तिनं आपला पाव घेतला आणि ती घरी गेली.

दुपारी लामारा नेहमीसारखी आली, पण कालचं काही विचारलं नाही. सरळ पुढचा धडा काढून बसली. ओब्दुलियाच्या हसण्यापेक्षा तेच एर्मिनियाला जास्त लागलं.

शुक्रवारी ती खरंच बसमध्ये चढली. सोरियात बहिणीच्या दाराशी बेल वाजवली.

“कोण?” भिंतीवरच्या इंटरकॉमच्या जाळीतून आवाज आला.

“मी गं, एर्मिनिया.”

जाळीत थोडा वेळ खरखर झाली, मग तीही थांबली. एर्मिनिया परतीच्या बसची वेळ होईपर्यंत पायरीवर उभी राहिली. कोट असून थंडी हाडांत शिरली.

शनिवारी लामारा बसते न बसते तोच ती म्हणाली, “विचार.”

लामारा घुटमळली. “काल... काल तुम्ही काय केलंत, बाई?”

“बहिणीची बेल वाजवली. थांबले. तिनं दार उघडलं नाही. परतले.”

लामारानं हात शेगडीवर धरले. मग म्हणाली, “काल मी मुलाला फोन केला. त्यानं उचलला नाही. गेल्या महिन्यातही उचलला नाही.”

स्वतःचं सांगताना पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात एकही चूक नव्हती. एर्मिनियाला शाबास म्हणवेना. तिनं शेगडीत आणखी एक लाकूड सरकवलं, आणि लेआंद्रो उठायची वेळ होईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.