पांडुरंगकाकांच्या खिशातला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कुत्र्याच्या गळ्यातला. नाक मुरडू नका, माझे कूळ चांगले दणकट आहे. खाणीवरच्या ट्रकांची ताडपत्री ज्याने आवळून बांधतात, त्या जाड पट्ट्याचा मी एक तुकडा. गोव्यातल्या सर्वण गावचे पांडुरंगकाका त्या खाणीवर नोकरीला होते. निवृत्त होताना त्यांनी मला घरी आणले, डिचोलीच्या बाजारात चपला शिवणाऱ्याकडून बक्कल लावून घेतले आणि भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडून एक पितळी बिल्ला. त्या माणसाने सवयीने घरधन्याचेच नाव कोरले, 'पांडुरंग'. मग काय, आठवडाभर वाड्यावरची माणसे कुत्र्याला काकांच्या नावाने हाका मारत होती. कुत्र्याचे खरे नाव तांबू.

तांबूच्या गळ्याशी माझे आयुष्य सुखात गेले. तो भुंकला की मी हादरायचो, तो झोपला की मीही पेंगायचो. माझ्यावर माती बसली, पिसवा बसल्या, पण मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. पहिली दोन वर्षे काकांनी सगळे चोख केले. रेबीजची लस दिली, पंचायतीत नोंद केली, सकाळ-संध्याकाळ साखळी लावली. पुढे 'तो खंय भायर वता?', बाहेर जातोच कुठे तो, असे म्हणत लसीची चालढकल सुरू झाली. काजूच्या दिवसांत तर माकडांना हुसकायला तांबू दिवसभर मोकळा असे.

यंदा काजू वेचायला आनंदी आली. ती मूळची सिंधुदुर्गातली. नवरा इकडे ट्रक चालवतो, घरी वर्षाची मुलगी. आनंदी झाडाखाली वाकून बोंडू गोळा करत होती. तांबूला ती परकी होती. तो धावत आला आणि त्याने तिच्या पोटरीला चावा घेतला. माझ्या तांबूवर माझा फार जीव आहे, पण खोटे सांगणार नाही. जखम खोल होती. साखळी मात्र खुंटीला लटकत होती.

काका धावत आले. आनंदीला सावरायच्या आधी त्यांनी काय केले असेल? घाईघाईने बक्कल सोडले आणि मला आपल्या खिशात कोंबले. तांबू त्यांच्याच पायाशी शेपूट हलवत बसला होता, तरी काका म्हणाले, "हो आमचो न्हय. गांवचो सुणो." भोवतीच्या माणसांना कुत्रा कुणाचा ते पक्के ठाऊक होते. शेजाऱ्याचे नाव कसे घ्यायचे म्हणून सगळी गप्प राहिली. काकांच्या बायकोने, कमलाक्षीकाकूंनी, जखमेवर हळद दाबली, पण त्यांची मान खालीच होती.

काकांनीच तिला इस्पितळात नेले. तिथे सुविधा नावाच्या परिचारिकेने आधी ती हळद काढली आणि नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. डॉक्टरांनी विचारले, "कुत्रा कुणाचा? लस दिलेली?"

"भटको सुणो, दोतोर," काका म्हणाले. खिशात माझा बिल्ला त्यांच्या मांडीला टोचत होता.

इंजेक्शने झाल्यावर सुविधा आनंदीशेजारी बसली. "सगळीं इंजेक्शनां घे, एकूय चुकवू नको. हो कागद जपून ठेव. कुत्र्याचो धनी सापडलो तर पोलिसांत तक्रार दिवंक येता, झालेलो खर्च मागूंक येता. बायलांक सरकारी वकील फुकट मेळटा. पण धनी कोण तां आधी कळूंक जाय. कुत्रो धा दिवस बांधून नजरेखाली ठेवलो आणि तो बरो ऱ्हवलो, तर तुझ्याय जीवाक धीर."

पण धनीच नसलेल्या कुत्र्याला बांधणार कोण? चार दिवस गेले. आपल्याला रोग झाला असला तर मुलीलाही लागेल, या भीतीने आनंदी तिला जवळ घेईना. इकडे 'पिसो सुणो', पिसाळलेला कुत्रा, अशी हूल उठली आणि दोघे-तिघे दांडके घेऊन तांबूला शोधू लागले. तो बिचारा काकांच्याच न्हाणीमागे लपला होता. मी खिशात बसून नुसता चडफडत होतो.

पाचव्या दिवशी काका देवळात गेले. आमच्याकडे अडचण आली की देवापुढे ती मोठ्याने मांडतात, त्याला गाऱ्हाणे म्हणतात. ते घालणारा धाकू पायरीवरच भेटला. काका म्हणाले, "आनंदीक बरां पडूं दी आणि सुण्याक कोण मारू नये, इतक्याच सांग देवाक."

"सांगतंय," धाकू म्हणाला. "पण गाऱ्हाण्यात धन्याचां नाव घेवक जाय. सुण्याचो धनी कोण म्हणान सांगू?"

डॉक्टरांपुढे काकांची जीभ अडखळली नव्हती. इथे ती वळेना. त्यांचा हात खिशात आला आणि त्यांनी मला घट्ट धरले.

"माझां नाव घे," ते हळूच म्हणाले.

"मगे आधी तिका जावन सांग. देव हंयच आसा."

आनंदीच्या खोलीत काकांनी मला बाहेर काढून तिच्यापुढे ठेवले. "सुणो माझो. मी खोटां बोललंय."

तिने माझ्या बिल्ल्यावरचे नाव वाचले. मग म्हणाली, "काकानू, चार दिवस मी माझ्या चेडवाक हात लावक नाय. तुमका ठाऊक होतां, तरी तुमी गप ऱ्हवल्यात. तक्रार मी देतलंय. राग म्हणान नाय. उद्या दुसऱ्या कोणाक चावलो तर?"

"दी," काका म्हणाले. "मीय येतंय तुझ्यावांगडा."

आणि ते खरेच गेले. चौकीवर त्यांनी स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले, बुडालेला रोज आणि औषधपाणी आपल्यावर घेतले. इंजेक्शनाच्या प्रत्येक तारखेला तिला स्कूटरवरून नेले. मी परत तांबूच्या गळ्यात आलो. त्याने मला हुंगले, चाटले. मला भरून आले. दहा दिवस आम्ही दोघे पडवीत बांधलेले होतो. गुरांचे डॉक्टर येऊन तपासून जात. तांबू ठणठणीत राहिला. दहावा दिवस सरला, त्या दिवशी आनंदीने मुलीला पोटाशी धरले ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवले नाही, असे काकू सांगत होत्या.

पुढच्या आठवड्यात आनंदी आली. कडेवर मुलगी. दारातूनच विचारले, "काकानू, बांधलो मां?"

काकांनी माझ्याखाली दोन बोटे घालून पाहिले, साखळी ओढून पाहिली. मगच ती आत आली. अजून लंगडत होती. ती तांबूजवळ गेली नाही आणि कुणी तिला आग्रहही केला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी तांबूसारखा कुणी असेल तर त्याला वेळेवर लस द्या, मोकळा सोडू नका आणि माझ्यासारख्या पट्ट्याचा कंटाळा करू नका. एवढे करूनही तो कुणाला चावलाच, तर जखम धुवायला पाणी सोडता सोडता सर्वांना ऐकू जाईल असे म्हणा, "हा कुत्रा माझा आहे."