कडू मिस्त्रीने पास केलेली गाडी

बुऱ्हाणपुरात जुनी गाडी घ्यायची म्हटली की माणूस आधी पैशांची जुळवाजुळव करतो, मग बायकोची समजूत काढतो आणि तिसऱ्या दिवशी बुधवारा पेठेत कडू मिस्त्रीच्या दारात येऊन उभा राहतो. कडू मिस्त्री म्हणजे कागदाच्या मिलमध्ये एकतीस वर्षं फिटर होता तो. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने याचं नाव कडू ठेवलं. यमाने तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं, एवढाच त्यामागचा हिशोब. यमाने थुंकलं. पुढे थुंकायचं काम कडूने स्वतःकडे घेतलं.

अकरा वर्षांत त्याने लोकांसाठी त्रेपन्न गाड्या तपासल्या आणि त्रेपन्न वेळा एकच शब्द उच्चारला: नको. एकीचा पत्रा ठोकलेला, दुसरीचं इंजिन तेल पिणारं, तिसरीचा मीटर मागे फिरवलेला. गिऱ्हाइकांची तर त्याला विकणाऱ्यांपेक्षा जास्त चीड होती. हे लोक गाडी बघायला येतात म्हणजे काय करतात? हॉर्न वाजवतात, गाणं लावतात, आरसा आपल्याकडे वळवून भांग नीट करतात आणि म्हणतात, गाडी मस्त आहे. आणि विकायला आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच! बुऱ्हाणपुरात तेवढे डॉक्टर असते तर गावात कुणी आजारीच पडलं नसतं.

आपल्या एका 'नको'मुळे त्रेपन्न घरं बुडता बुडता वाचली, असं कडू मिस्त्री मनापासून समजत होता. लोकही त्याला चहा पाजून, 'बरं झालं काका, तुम्ही होते म्हणून,' असं म्हणून जात. चहा नेहमी पातळच असे, हे त्याने कधी मनावर घेतलं नाही.

या वेळी मात्र गाडी घरचीच होती. योगिता ही त्याची एकुलती एक मुलगी, शाहपूरच्या दवाखान्यात नर्स. रोज स्कूटीवर वीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आणि तो सगळा रस्ता केळीच्या ट्रकांचा. मागच्या महिन्यात एका ट्रकने तिला असं दाबलं की ती स्कूटीसकट कडेच्या नाल्यात गेली. कोपराला सात टाके पडले. टाके निघाले त्या दिवशी तिने घरात सांगून टाकलं, "मला गाडी पाहिजे. बचत आणि सोसायटीचं कर्ज मिळून पाच लाख होतात. वर एक रुपया नाही."

तिचा नवरा जितेंद्र मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्याने मोबाइलवरच शोधाशोध करून एक सहा वर्षं जुनी सेडान काढली. टॉप मॉडेल, बटणावर चालू होणारी, छताला उघडणारी काच.

"पाच लाखात नवी म्हटली तर छोटी डबीच मिळते मामा," जितेंद्र सासऱ्याला म्हणाला, "आणि तेवढ्याच पैशात ही लक्झरी आहे. व्हॅल्यू बघा ना!"

"हत्ती सस्ता भेटला म्हणून कोणी दारात बांधते का जावईबापू? त्याले चारा कोण टाकीन?"

"पप्पा, ट्रकसमोर मला डबी नको," योगिता म्हणाली. "हिला सहा एअरबॅग आहेत. तुम्ही फक्त चला."

हे मात्र कडूला बरोबर वाटलं. उघड कबूल करण्याएवढं बरोबर नव्हे, पण वाटलं. सदऱ्याच्या खिशात त्याने बॅटरी, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक हातभर लांब, स्क्रू पिळायचा पेचकस घातला.

चंदन दलालाचं गाड्यांचं आवार शनवारा वेशीच्या पुढे. चंदन म्हणजे दोन मोबाइल, तीन अंगठ्या आणि तोंडात साखर. जितेंद्रच्या मोटरसायकलवरून कडूला उतरताना बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"या काका, या! ताई, पाच पस्तीस सांगितले आहेत मालकाने."

"काल फोनवर तर पाच दहा बोलले होते," योगिता म्हणाली.

"काल मालक वेगळ्या मूडमध्ये होता ताई. आणि डॉक्टर साबची गाडी आहे. सिंगल हँड. घर ते दवाखाना, बस."

कडूने ऐकलं आणि नाकातून हवा सोडली. एका रात्रीत पंचवीस हजार वाढवणाऱ्या माणसाशी बोलण्यात त्याला अर्थ वाटेना. तो सरळ मागे गेला, डिकी उघडली आणि आतला गालिचा उचलला. खाली काळपट तपकिरी डाग होते, थेंबाथेंबांचे आणि ओघळांचे. या मुलखात जन्मलेल्या माणसाला ते ओळखायला बॅटरी लागत नाही. केळीचा चीक. कोणत्याही साबणाने न जाणारा. प्रत्येकाचा एखादा तरी सदरा या चिकाने डागाळून कायमचा शेतकामाला लावलेला असतो.

"चंदन, तुझा डॉक्टर केळीले इंजेक्शन देत होता काय?"

चंदन जराही ओशाळला नाही. "आता तुमच्यापासून काय छुपवायचं काका. फोपनारच्या शेतकऱ्याची आहे. पण शेतकऱ्याची म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करते."

"आणि गिऱ्हाईक कोण असते तुझं?"

"शेतकरीच!" चंदन म्हणाला आणि स्वतःच हसला.

खोटं सापडल्यावर कडूला नेहमी उत्साह येई. तो बाह्या सरसावून कामाला लागला. पत्र्यावर बोटांची पेरं वाजवत गाडीभोवती फिरला. आवाज सगळीकडे सारखा. चुंबक लावलं; कुठे पुट्टीची भरणी नाही. दाराचं रबर ओढून आतले कारखान्याचे वेल्डिंगचे ठिपके मोजले, जसेच्या तसे. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून नाकाला लावला. पुरात गेलेल्या गाडीच्या पट्ट्याला चिखलाचा वास राहतो. याला नव्हता. टायरावरची तारीख वाचली, ब्रेकच्या पायपट्टीची झीज बघितली, मीटरवरचे अठ्ठावन्न हजार खरे निघाले. बॉनेटवर हात ठेवला. इंजिन थंडगार होतं, म्हणजे आधी चालू करून तापवून ठेवलेलं नव्हतं. बटण दाबताच ते एका दमात लागलं.

कडूने पेचकसाचं टोक इंजिनवर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. मिलमध्ये बेअरिंगची दुखणी तो अशीच ओळखत असे. बराच वेळ तो तसाच वाकून उभा राहिला. आत काहीच दुखत नव्हतं. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता; झाली ती धास्ती. 'नको' म्हणायला अक्कल लागत नाही, नको म्हटलेली गाडी कधी रस्त्यात बंद पडून तुमचं नाव घेत नाही. हे त्याला त्या क्षणी कळलं आणि अजिबात आवडलं नाही.

"चालवून बघू," तो म्हणाला.

योगिताने गाडी शाहपूरच्या रस्त्याला काढली. कडू शेजारी बसला. मागे जितेंद्रने पहिलं काम काय केलं, तर छताची काच उघडली आणि रस्त्याची धूळ सासऱ्याच्या टकलावर ओतली. चार किलोमीटरवर समोरून केळीचा ट्रक आला, नेहमीसारखा कडेची खडी सोडून बाकी सगळा रस्ता आपलाच समजणारा. कडूचे पाय आपोआप ताठ झाले. योगिताने गाडी कडेला घेतली, चाकं खडीवर उतरली, गाडीने चुळबूळ केली नाही, आणि ट्रक निघून गेला. योगिताने गाडी पुन्हा डांबरावर घेतली. तिच्या कोपरावरचा व्रण अजून लाल होता. कडूला वाटलं, हिला याच गाडीत रोज बसलेलं बघायचं. दुसरं काही नको.

आवारात परत आल्यावर योगिताने पर्स काखेत मारली, ओढणी नीट केली आणि तोंड पाडून उभी राहिली, निघायच्या बेतात असल्यासारखी. चंदनने हात बांधले. दोघंही कडूकडे बघत होते. सगळ्यांनाच पुढचा शब्द माहीत होता.

"घे," कडू मिस्त्री म्हणाला.

"काय?" योगिता.

"घे म्हणतो. अशी गाडी मी अकरा वर्षांत नाही बघितली. डोळे मिटून घे."

योगिताने डोळे खरंच मिटले, पण वेगळ्या कारणाने. चंदनचं तोंड उघडं राहिलं. मग तो हळूहळू हसू लागला. पुढे लुटीचा माल दिसावा तसं ते हसू होतं.

"पप्पा, हे काय केलं तुम्ही?" योगिता त्याला बाजूला ओढून म्हणाली. "तुम्हाला नको म्हणायला आणलं होतं!"

"गाडी चांगली आहे ना पण."

"चांगली आहे ते मला माहीत होतं. मी सर्व्हिसचे सगळे कागद काढले, फोपनारला जाऊन मालकाला भेटून आले. तुम्ही नको म्हणाले असते, आपण दहा पावलं चाललो असतो, यांनी मागून हाक मारली असती आणि पाचमध्ये सौदा झाला असता. सगळे असंच करतात पप्पा."

"सगळे म्हणजे?"

योगिता पर्सची चेन लावू लागली. बोलायची हौस जितेंद्रला होती. "मामा, तुम्ही नको म्हटलेली एकही गाडी कोणी सोडली नाही. तुम्ही घरी गेले की लोक दुसऱ्या दिवशी येऊन कमी भावात घेऊन जातात. मोतीलाल साडीवाल्याची पांढरी गाडी? तुम्हीच फेल केली होती. तुम्हाला सांगितलं, ही खंडव्याहून आणली."

"आणि मी पण काही वेडा नाही काका," चंदनने आपणहून भर घातली. "तुम्ही येणार असं कळलं की मी पंचवीस हजार आधीच चढवून ठेवतो. मग तुमच्या नकोचे पंचवीस उतरवतो. गिऱ्हाईक खूश, मी खूश. फुकट काय जाते? तुमचा चहा."

 त्रेपन्न घरं वाचवली म्हणून कडू मिस्त्री मिरवत होता. त्रेपन्न घरांनी त्याला तराजूतला दगड म्हणून वापरलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला; पण रागवायचं कुणावर? लोक लबाड निघाले हे तर तो अकरा वर्षं ओरडून सांगत होता. फक्त त्या लोकांत आपण कुठे उभे आहोत, तेवढं बघायचं राहिलं होतं.

"ठीक," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पाच पस्तीस बोलला न तू? वरचे पस्तीस मी देतो. गाडी पोरीच्या नावावर कर."

"ते तुमच्या 'नको'चे होते काका," चंदन म्हणाला. "'हो'चा भाव वेगळा."

एक मोबाइल त्याच्या कानाला लागलाच होता. बोलणं तो मुद्दाम सगळ्यांना ऐकू येईल असं करत होता. "मोतीलालशेठ, तुमच्या मुलासाठी सेडान बघायला सांगितली होती ना? एक आहे, पावणेसहाला. कडूकाकाने पास केली. हाव, पास! कसम से. माझ्यासमोर उभे आहेत."

पलीकडून मोतीलालचा आवाज भोंग्यासारखा आला. "कडू मिस्त्रीने पास केली? मग बघायचं काय! पावणेसहाला पक्की कर. टोकन टाकतो."

आणि खोटं कशाला बोला, त्या एका क्षणाला कडूची छाती फुगली. बुधवाऱ्यातला सर्वात चिक्कू माणूस, पैशाला पैसा चिकटवून ठेवणारा, केवळ त्याच्या एका शब्दावर गाडी न बघता पावणेसहा लाख टाकत होता. मग चंदनच्या दुसऱ्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याची घंटी वाजली आणि कडूने मुलीकडे बघितलं.

ती रडत नव्हती. तिने पर्समधून स्कार्फ काढला होता आणि स्कूटीवर बसण्याआधी बांधतात तसा तोंडाभोवती गुंडाळत होती. हात वर करताना कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, म्हणून गाठ मारायला वेळ लागत होता. तिला उद्या सकाळी सातला ड्युटीवर पोचायचं होतं.

"काका, नाराज नका होऊ," चंदनने पाचशेच्या नोटांची एक गड्डी काढून वीस नोटा मोजल्या. "हे दहा हजार तुमचे. हक्काचे. महिन्याला दोन गाड्या अशाच पास करा, घरबसल्या देत जाईन."

कडूचा हात जागचा हलला नाही. त्याच्या तोंडात चंदनच्या सात पिढ्यांसाठी शब्द जमा झाले होते, पण ते बाहेर यायच्या आत योगिता पुढे झाली आणि तिने त्या नोटा चंदनच्या हातातून घेतल्या.

"छोट्या गाडीच्या वेळी लागतील," ती म्हणाली. पैसे पर्समध्ये टाकून तिने स्कूटी स्टँडवरून काढली. मग बापाकडे न बघताच बोलली, "पुढच्या इतवारी डबीच बघू, पप्पा. तुम्ही या. पण गाडी चांगली निघाली तर आधी मला कानात सांगा आणि मोठ्यानं नको म्हणा. जमेल?"

कडू मिस्त्रीला हो म्हणायचं होतं. पण 'हो'चा भाव आता त्याला कळला होता; त्याने नुसती मान डोलावली.