कंट्रोलचा नमुना

"आधी मला एक सांगा," सुईबाई समोरच्या माणसाला म्हणाली, "इस्पितळात रक्त तपासणाऱ्या टेक्निशियनला वीस वर्षांच्या नोकरीनंतर पगार किती मिळत असेल?"

माध्यम-शिक्षणाच्या खासगी संस्थेतला तो समुपदेशक गोंधळला. बाई आली होती लेकीच्या मीडिया स्टडीजच्या पदवीची चौकशी करायला आणि विचारत होती भलतंच. पण आलेल्या पालकाला 'माहीत नाही' म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने छातीठोकपणे एक आकडा सांगितला.

तो सुईबाईच्या पगाराच्या तिप्पट होता.

"छान. आता पत्रकाराचा सांगा."

त्याने तोही सांगितला. तिने मनातल्या मनात तीनने भागलं, आभार मानले आणि उठली.

सुईबाई हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं; वीस वर्षं ती इस्पितळात रक्त काढत आणि तपासत होती. प्रयोगशाळेत तिचा दिवस कंट्रोल लावूनच सुरू होई. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा नमुना. मशीनने त्याचं उत्तर बरोबर दिलं, तरच पेशंटचं रक्त लावायचं. जे यंत्राला लागू ते माणसालाही, असं तिचं मत होतं, आणि नवरा गेल्यावर तिने घर याच मतावर चालवलं होतं.

लेकीला घरात रेडिओ म्हणत, कारण तिला बंद करायचं बटण कुणाला सापडलं नव्हतं. बारावी सायन्सचा निकाल लागला त्याच दिवशी तिने जाहीर केलं, "आई, मी लॅबचा कोर्स करणार नाही. मीडिया स्टडीज करणार."

"पोट भरेल त्यात?"

"तूच शोध. माझं सांगणं तुला थोडंच पटणार आहे?"

"शोधते. पण उत्तर येईल ते दोघींनी मानायचं."

"मान्य!"

उत्तर वाईट यावं असं सुईबाईला वाटत होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तपासणाऱ्याने निकालाची इच्छा धरू नये, हे तिला कळत होतं. पण प्रयोगशाळेतल्या तिच्या लॉकरमध्ये लेकीच्या मापाचा नवाकोरा अ‍ॅप्रन घडी घालून ठेवलेला होता.

धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, उपाशी मरेल पोर."

"भाऊजी, मला पगार किती असेल हो?"

त्याने निम्माच सांगितला. "एवढ्यात घर चालवता म्हणजे धन्य आहे तुमची!"

तिने त्याचंही भाकीत बाजूला ठेवलं.

मोठ्या कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर तिने जरा आशेनेच विचारलं, "सायन्सवाल्यांना घेत नसाल ना?"

"का नाही? बारावी कुठल्याही शाखेची चालते," कारकून म्हणाला. "प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. बोलता यायला हवं मुलीला."

"त्याची काळजी नाही," सुईबाई सुस्कारा टाकून म्हणाली.

शेवटी ती एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. वृत्तसंपादक बाईंनाही तिने तोच प्रश्न टाकला.

"मला माहीत नाही," संपादक बाई म्हणाल्या. "थांबा, विचारून सांगते." त्यांनी एक फोन लावला, मग खात्रीसाठी दुसरा. आकडा अचूक आला.

सुईबाई खुर्चीत नीट सरकून बसली. "आता तुमच्याकडचा सांगा."

"सुरुवातीला याच्या दोन तृतीयांश. टिकली तर सात-आठ वर्षांत एवढाच. त्यापुढचं मी काय, कुणीच छातीवर हात ठेवून सांगू नये."

उत्तर वाईट होतं, आणि विश्वासाचं होतं. हवं तेच हाती लागलं होतं. तरी घरी येताना सुईबाईची पावलं जड होती.

रेडिओ दारातच उभी. "काय आलं?"

"आधी तू सांग. माझा पगार किती?"

लेकीने बरोबर सांगितला. कापून हाती येतो तोही.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या लॅबमधल्या दोघीतिघींना विचारलं, पडताळून पाहिलं. तुझा कळल्याशिवाय माझा किती कमी ते कसं समजणार? सुरुवातीला तुझ्या दोन तृतीयांश. सात-आठ वर्षांनी तुझ्याएवढा. टिकले तर."

"मग इतके दिवस मला का फिरवलंस गं?"

"कंट्रोल लावल्याशिवाय तू कुणाचं ऐकतेस का?"

सुईबाईने पर्स खुंटीला अडकवली. आकडा वाईट म्हणून ठरल्याप्रमाणे 'नाही' म्हणता आलं असतं. पण पोरीने तो वाईट आकडा स्वतःच शोधला होता आणि लपवला नव्हता. "आणि तरी जायचंय?"

"हो."

रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दावर थांबली.

"मग परीक्षेची तारीख बघ," सुईबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत तिने लॉकर उघडला. तिचा स्वतःचा अ‍ॅप्रन कोपरांवर विरला होता. तिने नव्याची घडी मोडली आणि तो अंगात घातला. बाह्या लांब होत्या; लेक तिच्याहून उंच होती. तिने त्या दोन वेळा दुमडल्या, मशीन सुरू केलं आणि कंट्रोल लावला.