शंभरात सव्वा

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो. राहुरीजवळच्या एका बियाणे-चाचणी केंद्रात, कल्याण सरांच्या टेबलावर माझी हयात गेली. माझं पाचाचं बटण पार झिजलं आहे, त्याचं कारण सांगतो.

आमच्याकडे दरवर्षी बाजरीचे पाच नवे वाण तपासतात. एखादा वाण नुसत्या नशिबानेही चांगला दिसून जातो. अशी फसगत अख्ख्या चाचणीत शंभरात पाचपेक्षा जास्त वेळा होऊ नये, म्हणून सर त्या पाचाला पाचने भागत. म्हणजे ज्या वाणाचा नेहमीच्या बाजरीपेक्षा दिसणारा फरक नुसत्या नशिबाने आलेला असण्याची शक्यता शंभरात एकाच्या आत, तोच पास. किती सोपं! सगळे माझं कौतुक करत.

मग केंद्रात नव्या आलेल्या दिपाली मॅडमबरोबर लॅपटॉप आला. त्याला मऊ बॅग, मला धूळ. माझा नुसता जळफळाट झाला.

यंदा चाचणीत पाथर्डीकडच्या लंकाबाईंनी जपलेलं बियाणं होतं. त्याचा हा नशिबाचा आकडा शंभरात एकाहून जरासा जास्त निघाला. माझ्या हिशेबाने नापास, लॅपटॉपच्या हिशेबाने पास!

लंकाबाई दारातच बसल्या होत्या. “मॅडम, नापास झालं तर माझं बियानं कुनीच पेरनार न्हाई का वो?”

सर म्हणाले, “त्या डब्यात काय चालतं ते मला दिसत नाही. हातानं करून दाखवा.” मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मॅडमनी मलाच उचललं. “सर, ही पद्धत आपण पेरणीआधीच ठरवली होती. सगळ्यात पक्का वाण आधी घ्यायचा. तो एकाच्या आत बसला. आता चारच उरले, म्हणून पुढच्यासाठी, म्हणजे लंकाबाईंच्या बियाण्यासाठी, पाचाला चारने भागायचं. जो वाण बसणार नाही, तिथं थांबायचं.”

माझं चाराचं बटण फारसं कुणी दाबलंच नव्हतं. ते अडकलं. वाटलं, अडकूनच राहावं, जिरू दे त्या लॅपटॉपची! तेवढ्यात लंकाबाईंचा चेहरा दिसला. मी बटण सोडलं. शंभरात सव्वा! बियाणं आत बसलं.

“एवढंच होय?” म्हणत सरांनी सही केली.

लंकाबाई आत आल्या आणि त्यांनी हात फिरवला तो लॅपटॉपवर. “लई गुनाचं हाय बया हे यंत्र!”

मित्रांनो, माझा पार हिरमोड झाला. जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी तिला आणखी काय येतं ते बघत जा. आमची सगळी बटणं पुसा, न वापरलेलीसुद्धा. आणि जमलं तर त्या मऊ बॅगेत एक दिवस मलाही ठेवा.