पिवळं घर

नदीवरचा पूल बंद होऊन दीड वर्ष झालं. आई पलीकडे, मी अलीकडे, फोन केव्हाच तोडलेले. पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये ड्रोन उडवायची नोकरी मी का धरली, ते साहेबांना सांगितलं नाही. अर्जात 'पलीकडे नातेवाईक' यापुढे बिनदिक्कत 'नाही' लिहिलं.

रोज सकाळी दहाला माझं ड्रोन पलीकडच्या गल्ल्यांवरून जायचं. आईच्या गच्चीवर मी ते अर्धा मिनिट थांबवायची. घरघर ऐकली की आई ओले कपडे तसेच टाकून आत पळायची. तिकडे सगळेच पळतात. मला दिसायची ती तिची पाठ. पाठीवरून एवढं कळलं, की ती वाळलीय आणि डावा पाय ओढतेय. एकदा तरी वर बघ ना गं बाई, म्हणून मी स्क्रीनशी भांडायची.

मग एका सोमवारी बाकीच्या राखाडी घरांत ते एकटं घर स्क्रीनवर पिवळं झालं. शेजारच्या टेबलावर ज्याला आम्ही सगळे चष्मा म्हणतो तो बसतो; घरांना रंग देणाऱ्या यंत्राची कुंडली त्याला तोंडपाठ. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, उडवणारा जिथे पुन्हापुन्हा थांबतो, तिथे काहीतरी काळंबेरं आहे असं यंत्र धरून चालतं. पिवळ्याचं लाल झालं की हत्यारवालं ड्रोन आपणहून सुटतं, कुणाला विचारत बसत नाही.

"मग पिवळं जातं कसं?"

"तीस दिवस बघायचं नाही. घर कॅमेऱ्याच्या मधोमध आलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

म्हणजे बघून बघून मीच तिच्यावर नेम धरला होता. साहेबांपुढे खरं बोलावं, तर नोकरी गेली असती आणि वर त्या घराची फाईल उघडली असती. गच्ची जवळ आली की कॅमेरा नदीकडे वळवायचा, असे दिवस ढकलले. दीड वर्षात आईची इतकी आठवण आली नव्हती, जितकी रोज तिच्या डोक्यावरून जाताना आली.

एकोणतिसाव्या दिवशी कॅमेरा वळवताना ती कोपऱ्यात दिसली. पळाली नव्हती. गच्चीच्या मधोमध उभी होती, खांद्यावर ओला टॉवेल. रोज थांबणारं ड्रोन आता का थांबत नाही, हे शोधत होती की काय, देव जाणे. तिने कपाळावर आडवा हात धरला आणि मान वर करायला लागली.

"आई, आत जा," माझ्या तोंडून निसटलं.

चष्म्याने वळून बघितलं. मी कॅमेरा पाण्यावर नेला आणि गच्ची मागे पडेपर्यंत तिथेच धरून ठेवला.

दोन दिवसांनी घर इतरांसारखं राखाडी झालं. चष्मा आपल्या स्क्रीनवरून नजर न काढता हळूच म्हणाला, "घर सुटलं यातून. आता एकदा बघून घे."

मी नाही बघितलं. एकदा बघितलं की मी थांबणार, हे मला ठाऊक आहे. रोज दहाला मी नदीच बघते. पाणी किती चढलं, किती उतरलं, मला कुणीही विचारावं. आईचा चेहरा आता कसा दिसतो, ते मात्र मला माहीत नाही.