रविवारचं तिसरं पान

कीर्तनाने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला आणि शेजारची खुर्ची ओढून दिली, तेव्हाच सरोजाबाईंनी ओळखलं की आता आपल्याला कशाला तरी हो म्हणायचं आहे. गेलं वर्षभर त्यांनी तेवढं एकच काम मन लावून केलं होतं. जेवायचं का? सेरी. डॉक्टरांकडे जाऊया? सेरी. अप्पांचे शर्ट देऊन टाकूया? सेरी. तमिळ भाषेने जगाला पुष्कळ काही दिलं असेल, पण सरोजाबाईंच्या मते त्यातला सगळ्यात उपयोगी शब्द हाच. एकदा म्हटला की समोरचा माणूस समाधानाने निघून जातो.

"स्टेकेशन, अम्मा," कीर्तना म्हणाली. "लांब कोठें जायचं नाही. ईसीआरच्या किनारी रस्त्यावर, मुट्टुकाडूच्या पुढें. दार उघडलं की समुद्र. शनिवारीं सकाळीं निघायचं, सोमवारीं घरीं."

"समुद्र आपल्या गावांत आहेच की गं. बसने गेलं की बेसंट नगर."

"तिथें राहतां येतंय का?"

"राहायला घर आहे की."

कीर्तना हसली. मग आईही आपल्याबरोबर हसते आहे का, हे तिने हळूच पाहिलं. सरोजाबाई हसत नव्हत्या. त्यांना वाईट वाटत होतं असंही नाही. खरं सांगायचं तर त्यांना काहीच वाटत नव्हतं, आणि याचाच लोकांना फार त्रास होत होता. त्यांचे यजमान बालाजीराव गेले त्या दिवशी वेस्ट मांबलमच्या त्या दोन खोल्यांत चाळीस माणसं जमली होती आणि सरोजाबाई प्रत्येकाला कॉफी मिळाली का ते बघत होत्या. डोळ्यांतून टिपूस नाही. मैलापूरहून आलेल्या त्यांच्या जाऊबाई तर कोपऱ्यात कुणाला तरी म्हणाल्याही की काळीज दगडाचं आहे. सरोजाबाईंनी ते ऐकलं, आणि असेल बुवा, असं मनात म्हणून दुसरं पातेलं चुलीवर ठेवलं.

"अप्पा असते तर मुळीच आले नसते," कीर्तना म्हणाली.

ते मात्र खरं होतं. बालाजीरावांची तेहतीस वर्षं नोकरी हार्बरात. समुद्र म्हणजे त्यांचं ऑफिस. कधी पाहुणे आले आणि मरिनाला जाऊ म्हणाले, की हे चप्पल घालून फाटकापर्यंत येत, पाहुण्यांना ऑटोत बसवत आणि परत येऊन पेपर वाचत बसत. एकदा सगळ्यांनी बळजबरीने नेलं तर तिथे समुद्राकडे पाठ करून बसले आणि भजी खाल्ली. म्हणाले, रविवारी मी साहेबाचं तोंड बघत नाही.

कीर्तनाने फोटो दाखवले. पांढऱ्या चादरी, निळं पाणी, एक झोपाळा. नुंगंबाक्कमच्या ऑफिसात तिने महिनाभर मिनतवाऱ्या करून सोमवारची रजा मिळवली होती, हे ती तीनदा बोलून गेली. वर्षश्राद्ध जुलैच्या सुरुवातीलाच झालं होतं. सुतकाचं, नियमांचं वर्ष संपलं होतं. आता अम्माला घराबाहेर काढायचंच, असं तिने ठरवलं होतं. तिचा जीव आईसाठी तीळतीळ तुटत होता आणि ते तिच्या पटापट बोलण्यात दिसत होतं.

"सेरी," सरोजाबाई म्हणाल्या.

"मग ऑगस्टचा पहिला शनिवार. तूं पंचांग बघून ठेव. नाही तर गाडींत बसल्यावर सांगशील, आतां राहुकाळ आहे, उतरा."

थट्टाच होती ती. पण थट्टेमागे एक जुनी गोष्ट होती. त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात तिथी-वार सांभाळायचं काम सरोजाबाईंचं. तंजावर, कुंभकोणम, बंगळूर, कुठूनही फोन यायचा, "वहिनी, आमच्या नानांची तिथी कधी येते हो यंदा?" आणि सरोजाबाई हातातली भाजी न ठेवता सांगायच्या. मठाचं पंचांग स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असायचं आणि पाडव्यालाच त्यात लाल पेनने खुणा व्हायच्या. हे सासऱ्यांचं, हे सासूबाईंचं, हे लहानपणीच गेलेल्या दिराचं. यंदाचं पंचांग आलं, टांगलं गेलं आणि तसंच राहिलं. लाल पेन कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कीर्तना ऑफिसला गेल्यावर त्यांनी ते खिळ्यावरून काढलं, धूळ पुसली आणि ऑगस्टचं पान उघडलं. शनिवारचा राहुकाळ नऊला सुरू होत होता. त्याआधी निघायला हवं. मग सहज त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. रविवार. आषाढ वद्य चतुर्थी.

त्यांनी पान पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

बालाजीराव गेले ते आषाढ वद्य चतुर्थीला. इतरांच्या पन्नास तिथी पाठ असलेल्या बाईला नवऱ्याची तिथी विसरायला झालं नव्हतं. ती विचारलीच नव्हती कुणी. आणि त्यांनीही सांगितली नव्हती.

जुलैत श्राद्ध उरकलं गेलं ती चूक कशी झाली ते त्यांच्या क्षणात ध्यानात आलं. घरचे जुने भटजी मुलाकडे कोइंबतूरला राहायला गेले. कीर्तनाने ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने दुसरे वाध्यार शोधले. त्यांनी फोनवर विचारलं, कधी गेले? हिने इंग्रजी तारीख सांगितली. ते तमिळ गृहस्थ, त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे सूर्याचा महिना धरला, 'आनी' ह्या तमिळ महिन्यातली वद्य चतुर्थी काढली आणि दिवस कळवला. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या लोकांत तसंच करतात. पण सरोजाबाईंच्या लोकांत महिना चंद्राचा. तीनशे वर्षांत ह्या मराठ्यांनी तमिळ मुलखाचं सगळं आपलंसं केलं, रसम केलं, दारात कोलमच्या रांगोळ्या घातल्या, घरात निम्मी तमिळ बोलू लागले, पण मेलेल्या माणसांचे दिवस तेवढे चंद्रावरच मोजत राहिले. त्यातून यंदा ज्येष्ठ दोनदा आला, अधिक मास. म्हणजे खरा दिवस तब्बल एक महिना पुढे. मैलापूरचे वेंकोबा, बालाजीरावांचे धाकटे भाऊ, यांनी श्राद्ध केलं खरं, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दर्भ दिला तो धरला, बस म्हटलं तिथे बसले.

आणि सरोजाबाई? त्या तिथेच होत्या. वडे तळत होत्या. सेरी म्हणत होत्या.

त्यांनी वाट पाहिली की आता काहीतरी होईल. छातीत धडधडेल, हातपाय गळतील. काही झालं नाही. कुकरची शिट्टी झाली, ती त्यांनी मोजली. आपल्याला लाज वाटायला हवी, एवढं त्यांना कळत होतं. बेचाळीस वर्षांत त्या माणसाला एक दिवस उपाशी ठेवलं नव्हतं. ताप असला तरी उठून रसम केलं होतं. आणि त्याच्या दिवशी तो दाराशी येईल, तर घराला कुलूप असेल आणि आपण झोपाळ्यावर.

सांगावं तर काय होईल तेही दिसत होतं. कीर्तना बुकिंग रद्द करील. तारीख मीच चुकीची दिली म्हणून स्वतःला खाईल, आणि ती मुलगी वर्षभर तेवढंच करत आली होती. वेंकोबा आकाशपाताळ एक करतील. न सांगावं तर बालाजीराव जेवल्यावाचून परत जातील. शास्त्रात सोय आहे, चुकलेलं श्राद्ध पुढच्या अमावस्येला करता येतं. पण ती सोय मंत्रांची. भूक त्या-त्या दिवशीचीच असते, असं सरोजाबाईंना वाटत होतं.

दोन दिवस त्या यातलं काही बोलल्या नाहीत. कीर्तनाने त्यांच्यासाठी समुद्रावर घालायची टोपी आणली. त्यांनी ती घालून दाखवली. "चांगली दिसतीस गं अम्मा," कीर्तना म्हणाली. त्या टोपीसकट जाऊन दूध उतू जातंय का ते बघून आल्या.

शुक्रवारी संध्याकाळी रिसॉर्टमधून फोन आला. कीर्तनाने तो स्पीकरवर टाकला आणि बॅग भरत राहिली. पलीकडे कुणी संयुक्ता नावाची मुलगी होती, तमिळमध्ये गोड गोड बोलत होती. खोली दोघींची, शनिवारी दुपारपासून, बरोबर? जेवण शाकाहारी? आणखी काही खास विनंती?

"काही नाही," कीर्तना म्हणाली.

"आहे," सरोजाबाई म्हणाल्या.

कीर्तनाने मान वर केली. वर्षभरात आईने सेरी सोडून दुसरं काही इतकं स्पष्ट म्हटलेलं तिला आठवत नव्हतं.

सरोजाबाईंनी फोन हातात घेतला आणि त्याही तमिळमध्येच बोलल्या. "रविवारीं दुपारीं एक पान जास्त लागेल. केळीचं पान. कांदा नको, लसूण नको, टोमॅटो नको. भात, मुगाचं वरण, कारल्याची भाजी, कच्च्या केळ्याची भाजी. उडदाचे वडे. पायसम गुळाचं. तुमच्या आचाऱ्याला येत नसेल तर मी स्वयंपाकघरांत येऊन करीन."

"येतं, मॅडम. म्हणजे रविवारी पाहुणे तीन?"

"तीन."

"तिसरे पाहुणे रात्री राहणार आहेत का?"

"नाही. जेवून जातील. तुमच्याकडे कावळे आहेत ना?"

"खूप आहेत, मॅडम. पण काळजी करू नका, आम्ही माणूस ठेवलाय, तो हाकलतो."

"रविवारीं हाकलूं नका."

"नाही हाकलणार, मॅडम." ती मुलगी त्याच मातीतली होती, तिला आणखी सांगावं लागलं नाही. इकडे कीर्तना हातातला टॉवेल धरून तशीच उभी होती. तिने भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. ऑगस्टचं पान वर होतं आणि रविवारभोवती लाल पेनने गोल काढलेला होता.

"अम्मा," ती म्हणाली, "मी तारीख..."

"तूं विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. झालं," सरोजाबाई फोनवर हात ठेवून मराठीत म्हणाल्या. "विधी तुझे काका अमावस्येला करतील. पान रविवारींच."

"मॅडम," संयुक्ताचा आवाज आता खाली आला होता, "यादीत लिहायला नाव लागतं. सरांचं नाव काय?"

सरोजाबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. बँकेत विचारलं तर पासबुक पुढे करायच्या. मृत्यूच्या दाखल्यासाठी कॉर्पोरेशनच्या कारकुनाने तीनदा विचारलं, तेव्हाही रेशनकार्ड त्याच्या नाकासमोर धरून गप्प उभ्या राहिल्या होत्या. घरात ते "हे" होते, मुलीसमोर "अप्पा" होते, लोकांत "घरचे". कीर्तना पुढे झाली, मी सांगते म्हणून. सरोजाबाईंनी तिला हाताने थांबवलं.

"बालाजीराव," त्या म्हणाल्या. कसं ऐकू येतं ते त्यांनाच ऐकायचं असावं, तसं पुन्हा म्हणाल्या, "बालाजीराव."

"लिहिलं, मॅडम." टाइप केल्याचा आवाज आला. "सरांसाठी समुद्राकडचं टेबल ठेवू? तिथून सगळा समुद्र दिसतो."

"नको गं कण्णा, बाळा," सरोजाबाई म्हणाल्या. "त्यांनी तेहतीस वर्षं तेंच बघितलं. रविवारीं नाही बघत ते. पाठ करून..."

पुढचा शब्द निघेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि शब्दाऐवजी जे निघालं त्याने त्या स्वतःच दचकल्या. तोंडाला पदर लावून त्या खुर्चीवर बसल्या, आणि वर्षभर कुठे दडून बसलं होतं कोण जाणे ते रडू, खांदे गदागदा हलवत बाहेर येऊ लागलं. शेजारच्या फ्लॅटमधल्या टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मॅडम? मॅडम, लाइनवर आहात ना?"

कीर्तनाने एका हाताने आईला जवळ घेतलं आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

"समुद्राकडे पाठ येईल असं टेबल," ती म्हणाली. "आणि भजी मिळतील का?"