मारबत आणि माणूस

मोतीलालजींनी बत्तीस वर्षं एसटी चालवली, पण गाडीला ओरखडा म्हणून नाही. त्यामुळे जावई राकेशने आपोआप ब्रेक मारणारी नवी गाडी दारात आणली, तेव्हा त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. तरी आज स्टीअरिंग त्यांनीच धरलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात शकुंतलाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, नऊला ऑपरेशन होतं, सही त्यांचीच लागणार होती, आणि गिरड सोडायलाच साडेसात झाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, करीची सकाळ. गावोगावची माणसं पहाटेच मारबत शिवेवर फेकून आलेली. पळसाच्या फांद्यांची बाहुली, अंगावर जुनं लुगडं. गावची सगळी रोगराई तिच्या माथी. तिला मग हात लावू नये म्हणतात. पण गरज असली की लोक लावतातच.

पहिल्याच शिवेवर गाडीने कचकन ब्रेक मारला.

"हे काऊन थांबली?"

"समोर माणूस दिसला तिले, मामाजी."

"माणूस? मारबत हाये ते!"

दुसऱ्या गावी तेच, तिसऱ्या गावीही तेच. मागचा ट्रक भिडता भिडता राहिला आणि त्याचा ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या घालत गेला. मोतीलालजींचं डोकं भणभणलं.

"शेंबड्या पोराले कयते, ते इले नाई कयत!"

"माणसाले घाई होते मामाजी, राग येते. इले दोनी नाई येत."

हे मात्र मोतीलालजींना मिरचीसारखं झोंबलं. "बंद करा जवाईबापू तुमचं ते. नाईतर मी इथंच उतरतो."

सासऱ्यापुढे जावई किती बोलणार? राकेशने बटण दाबलं.

गाडी गुमान पळू लागली. मोतीलालजींना बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. चौथ्या शिवेवर पळसाचा ढीग रस्त्यातच होता आणि त्यात हिरवं लुगडं दिसत होतं. ढीग जरा हलला. वारा असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. साडेआठ वाजून गेले होते. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला नाही.

फांद्यांचा आवाज झाला, आणि त्याखाली दुसरा एक.

गाडी पन्नास पावलांवर थांबली. राकेश मागे पळाला. मोतीलालजींच्या हातून दार उघडेना. आरशात जावई गुडघ्यावर बसून फांद्या बाजूला करताना दिसत होता. मग तो ओरडला,

"मामाजी, बकऱ्यांसाठी पाला जमा करून राह्यलती हो बाई. हात अजून गरम हाये तिचा."